पडद्यावरील रंगांची जुळणी

गतवर्षीं आपल्या शाळेचें वार्षिक स्नेहसंमेलन झालें, त्या वेळीं त्याचें चित्रीकरण करून घेण्यांत आलें होतें, हें पालकांच्या व विद्यार्थ्यांच्या स्मरणांत असेलच. तें चित्र पुढें सभागृहांत दाखविलें, तेव्हां सर्वांनीं टाळ्या वाजविल्या. परंतु खेळ संपल्यावर इयत्ता आठवींतील एक मुलगी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "सर, शेवटच्या प्रवेशांतली ती मीच का?" नाटिकेंत तिचें काम लहानसें, पण उत्तम वठलें होतें. पडद्यावर मात्र तिचा सांवळा, तजेलदार चेहरा पिठूळ पांढरा दिसत होता. गालावरील चमक, डोळ्यांखालची छाया, यांपैकीं कांहींच उरलें नव्हतें. शेजारीं उभी असलेली तिची आई म्हणाली, "किती छान गोरी दिसतेय!" मुलगी कांहीं बोलली नाहीं. मीहि बोललों नाहीं, कारण त्या वेळीं मला नीट उत्तर सुचलें नाहीं. तें उत्तर ह्या लेखांत देण्याचा यत्न करितों.

प्रथम हें समजून घेतलें पाहिजे कीं, पडद्यावर आपण जे रंग पाहतों ते कॅमेऱ्यानें टिपलेले जसेच्या तसे रंग नसतात. कॅमेरा आणि पडदा ह्यांच्यामध्यें एक माणूस अंधाऱ्या खोलींत बसलेला असतो. चित्रपटांतील प्रत्येक तुकडा पाहून त्याचा उजेड किती असावा, सावली किती गडद असावी, आकाश किती निळें असावें, हें तो ठरवितो. ह्या कामास 'कलर ग्रेडिंग' म्हणतात. आपण त्यास रंगजुळणी म्हणूं, आणि तें काम करणाऱ्यास रंगकार म्हणूं.

हें काम लागतेंच कशाला, असा प्रश्न सहज मनांत येईल. त्याचें कारण डोळा आणि कॅमेरा ह्यांच्या स्वभावांत आहे. भर दुपारीं उन्हांतून माजघरांत शिरलें म्हणजे क्षणभर कांहीं दिसत नाहीं, मग हळूहळू भांडीं, कोनाडे, सर्व दिसूं लागतें. डोळा आपला आपणच जुळवून घेतो. पिवळ्या दिव्याखालीं धरलेला पांढरा कागदहि त्यास पांढराच वाटतो. कॅमेऱ्यास असें शहाणपण जात्या नाहीं. आंत आलेला उजेड मोजून ठेवणें एवढेंच तो जाणतो. आतां असें पाहा कीं, पडद्यावर दोन मिनिटें चालणारा संवाद चित्रित करावयास अनेकदां सबंध दिवस लागतो. एका पात्राचीं वाक्यें सकाळच्या उजेडांत घेतलीं जातात, दुसऱ्याचीं उतरत्या उन्हांत. ते तुकडे एकापुढें एक जोडले तर बोलणारा बदलला कीं मागची भिंतहि रंग बदलते, आणि प्रेक्षकाचें लक्ष कथेवरून उडतें. हे सर्व तुकडे एकाच प्रहरींचे वाटावे असे करणें, हें रंगकाराचें पहिलें काम. जेथें पाहावयास हवें तेथें प्रेक्षकाची नजर नेणें, हें दुसरें. आणि प्रसंगाचा भाव रंगांतून पोंचविणें, हें तिसरें.

ह्याच हेतूनें व्यावसायिक कॅमेरे मूळ चित्र मुद्दाम फिकट, राखट असें टिपतात. त्या पद्धतीस 'लॉग' म्हणतात. तें चित्र पाहून नवख्यास वाटेल कीं कॅमेरा बिघडला. परंतु त्या फिकटपणांत ढगांतील तपशीलहि असतो आणि सावलींतीलहि. तें कच्चें धान्य आहे. शिजविणें पुढें व्हावयाचें असतें.

फिल्मच्या काळीं ही जुळणी प्रयोगशाळेंत होत असे. मूळ निगेटिव्हमधून प्रकाश पाठवून तिची प्रत छापीत. त्या प्रकाशाचे तांबडा, हिरवा व निळा असे तीन भाग करून प्रत्येक भाग १ ते ५० अशा पायऱ्यांनीं कमीअधिक करितां येई. अनुभवी कारागीर चित्र पाहूनच सांगत असे कीं, येथें तांबडा दोन पायऱ्यांनीं कमी करा, तेथें निळा एका पायरीनें वाढवा. ह्या कामीं चूक झाली म्हणजे काय होतें, ह्याचा अनुभव आपल्या महाराष्ट्रासहि आहे. कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीनें व्ही. शांताराम ह्यांच्या दिग्दर्शनाखालीं 'सैरंध्री' हा पौराणिक बोलपट रंगांत काढण्याचें धाडस केलें. १९३३ सालच्या ह्या चित्रपटाचें रंगीत छपाईचें काम जर्मनींत करविण्यांत आलें. परंतु इतका खटाटोप करूनहि रंग मनाजोगे उतरले नाहींत. कल्पना, नट, वेषभूषा हीं सर्व उत्तम असूनहि शेवटच्या पायरीवर चित्र बिघडूं शकतें, हें त्यावरून ध्यानांत येतें.

त्या जुन्या पद्धतीस आणखी एक मर्यादा होती. प्रकाशाची पायरी बदलली कीं सबंध चित्र बदले. चेहरा तसाच ठेवून केवळ मागचें झाड पिवळें करावें, हें तेथें शक्य नसे. ही अडचण कशी सुटली त्याची गोष्ट मनोरंजक आहे. अमेरिकेंतील कोएन बंधूंचा 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाउ?' हा चित्रपट २००० सालीं प्रदर्शित झाला. त्याचें कथानक १९३७ सालच्या, मंदीनें गांजलेल्या मिसिसिपी प्रांतांत घडतें. दिग्दर्शकांस जुन्या छायाचित्रांप्रमाणें धुळकट, वाळलेल्या गवताचा देखावा हवा होता. परंतु चित्रीकरण झालें ऐन उन्हाळ्यांत, आणि तेथील उन्हाळा म्हणजे जिकडेतिकडे हिरवेंगार! छायालेखक रॉजर डीकिन्स ह्यांनीं प्रयोगशाळेंतील रासायनिक उपाय तपासून पाहिले. परंतु हिरव्यास तेवढें पिवळें करणें त्यांतून साधेना. अखेर सर्व फिल्म संगणकांत उतरवून घेतली, तेथें हिरवा रंग वेगळा काढून त्यास सोनेरी वळण दिलें, आणि तयार झालेलें चित्र पुन्हां फिल्मवर उतरविलें. सबंध चित्रपटाची रंगजुळणी अशा रीतीनें संगणकावर करण्याचा हा हॉलिवुडमधील पहिला मोठा प्रयोग समजला जातो. त्यानंतर थोड्याच वर्षांत ही पद्धत सर्वत्र रूढ झाली.

आज रंगकारापुढें एक मोठें फळकूट असतें व त्यावर फिरविण्याचे गोळे असतात. एक गोळा सावलीसाठीं, एक मधल्या उजेडासाठीं, एक लखलखीत भागासाठीं. ह्यांस अनुक्रमें 'लिफ्ट', 'गॅमा' व 'गेन' अशीं नांवें आहेत. गोळा ज्या दिशेस ढकलावा त्या रंगाची झांक चित्राच्या तेवढ्या भागांत येते. ह्या कामीं 'डाव्हिन्ची रिझॉल्व्ह' हें साधन पुष्कळ वापरांत आहे. ऑस्ट्रेलियांतील ब्लॅकमॅजिक कंपनीनें २००९ सालीं मूळ डाव्हिन्ची कंपनी विकत घेतली. ह्या साधनाची एक आवृत्ती विनामूल्य मिळते, म्हणून आपल्या विद्यार्थ्यांसहि तें पाहावयास हरकत नाहीं. २०२० सालीं जाहीर झालेल्या त्याच्या सतराव्या आवृत्तींत उजेडाचे तीनच नव्हे तर सहा पट्टे पाडण्याची सोय आली. अगदीं काळोखापासून तों धातूवरच्या झळाळीपर्यंत प्रत्येक पट्ट्यास आपला स्वतंत्र गोळा असतो, आणि कोणता पट्टा कोठें संपावा हेंहि रंगकार ठरवूं शकतो. ही सोय कशासाठीं निघाली, तें समजण्यास 'एच्. डी. आर.' म्हणजे काय तें पाहिलें पाहिजे.

पडद्याच्या तेजाचें माप 'निट' हें आहे. एक चौरस मीटर पृष्ठभागापासून साधारण एका मेणबत्तीइतका उजेड येत असेल, तर त्याचें तेज एक निट, असें ढोबळ मानानें समजावें. चित्रपटगृहांतील पडद्याचा शुभ्र भाग ४८ निट इतका असावा, असा दंडक आहे. जुन्या पद्धतीचें दूरदर्शनचित्र १०० निट धरून जुळवीत. ह्या १०० निटांतच पांढरा सदरा, दिव्याची ज्योत आणि माध्यान्हींचा सूर्य, ह्या सर्वांस दाटीवाटीनें बसावें लागे. मग सदरा व सूर्य जवळजवळ सारखेच दिसत, ह्यांत नवल तें काय? नव्या पद्धतींत हें माप पुष्कळ वाढविलें. २०१४ सालीं मान्य झालेल्या 'पी. क्यू.' ह्या प्रमाणांत १०,००० निटांपर्यंतची जागा ठेवलेली आहे. प्रत्यक्षांत पुष्कळशी रंगजुळणी १,००० निटांच्या पडद्यावर होते. २०१६ सालीं आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानें हें प्रमाण, आणि त्याबरोबरच ब्रिटनमधील बी. बी. सी. व जपानमधील एन्. एच्. के. ह्या संस्थांनीं तयार केलेलें दुसरें प्रमाण, अशीं दोन्ही स्वीकारलीं.

येथें एक शास्त्रीय युक्ति ध्यानांत घेण्यासारखी आहे. अंधाऱ्या खोलींत एक मेणबत्ती असतांना दुसरी लावली तर केवढा फरक पडतो! परंतु शंभर मेणबत्त्या जळत असतां एकशें एकावी लावली, तर तें कोणाच्या लक्षांतहि येणार नाहीं. म्हणून नव्या प्रमाणांत उजेडाच्या पायऱ्या सारख्या अंतरानें न पाडतां, अंधारांत दाट व प्रकाशांत विरळ अशा, डोळ्याच्या पारखीप्रमाणें पाडल्या आहेत. शिवाय पायऱ्यांची संख्याहि वाढविली. पूर्वीं प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या असत. नव्या पद्धतींत निदान १,०२४ असतात. तीन मूळ रंगांच्या मिश्रणांचा हिशेब विद्यार्थ्यांनीं स्वतः करून पाहावा. पहिल्या पद्धतींत तीं सुमारें १ कोटि ६७ लक्ष भरतात, व दुसरींत १०७ कोटींहून अधिक!

परंतु जागा मिळाली म्हणून ती सर्व भरलीच पाहिजे, असें नाहीं. तीन सप्तकें गाणारा गवई प्रत्येक सूर तार सप्तकांत लावीत नाहीं. चांगला रंगकार १,००० निटांच्या पडद्यावरहि साधा पांढरा कागद सुमारें २०० निटांवरच ठेवितो. त्यापुढील जागा तो ज्योतीसाठीं, पाण्यावरील चकाकीसाठीं, डोळ्यांतील ठिणगीसाठीं राखून ठेवितो. सगळेंच उजळलें तर उजळ असें कांहींच राहत नाहीं. दिवणीवर ठेवलेल्या दिव्याचा दृष्टांत आपण प्रार्थनासभेंत ऐकतों. तो दिवा घरांतील सर्वांस उजेड देतो, कोणाचे डोळे दिपवीत नाहीं.

ह्या लख्ख, गुळगुळीत चित्रास आजचे कलावंत मुद्दाम थोडा खरखरीतपणाहि देतात. त्यास 'फिल्म ग्रेन' म्हणतात. ग्रेन म्हणजे दाणा. फिल्मच्या पातळ थरांत रुप्याच्या क्षारांचे अतिसूक्ष्म स्फटिक विखुरलेले असतात. एका मिलिमीटरचा हजारावा भाग, एवढ्याच्या आसपास त्यांचा आकार. प्रकाश पडलेल्या स्फटिकांचें रसायनांत रुपें बनतें. रंगीत फिल्मवर पुढें तें रुपें काढून टाकतात व त्याच्या जागीं रंगाचे सूक्ष्म ढग उरतात. मंद प्रकाशांत उपयोगी पडणाऱ्या फिल्ममध्यें स्फटिक मोठे असतात, म्हणून तिचा रवा अधिक जाड दिसतो. दर सेकंदास २४ चित्रें सरकतात आणि प्रत्येकींत दाण्यांची मांडणी निराळी असते. त्यामुळें स्थिर भिंतहि किंचित् श्वास घेत असल्यासारखी वाटते.

संगणकी चित्रांत असे दाणे नसतात, म्हणून रंगकार ते वरून घालतो. ह्यांत केवळ जुन्याची हौस नाहीं. संध्याकाळच्या आकाशासारख्या हळूहळू बदलणाऱ्या रंगांत पायऱ्या अपुऱ्या पडल्या तर पट्टेपट्टे दिसतात. बारीक दाणे त्या कडा मोडून टाकतात. निरनिराळ्या कॅमेऱ्यांचे तुकडेहि एका रव्यामुळें एकजीव होतात. २०२१ सालच्या 'ड्यून' ह्या चित्रपटाचें चित्रीकरण संगणकी कॅमेऱ्यानें झालें होतें. तरी खऱ्या फिल्मचा पोत मिळावा म्हणून तो सबंध फिल्मवर उतरवून तेथून पुन्हां संगणकांत घेतला! उलट, हे दाणे आंतरजालावरून घरोघर पाठविणें जड जातें, कारण दर चित्रांत बदलणाऱ्या दाण्यांस थोडक्यांत लिहिण्याचा नियम सांपडत नाहीं. त्यावर २०१८ सालच्या 'ए. व्ही. १' ह्या पद्धतींत अशी तोड काढली आहे कीं, दाणे काढून चित्र पाठवावें, त्यांचें वर्णन तेवढें सोबत द्यावें, आणि पाहणाऱ्याच्या यंत्रानें त्या वर्णनावरून नवे दाणे घालावे.

येथवर साधनांची माहिती झाली. आतां त्या मुलीच्या प्रश्नाकडे वळूं. चेहऱ्याचा खरा रंग कोणता, हें कोण ठरवितें?

विसाव्या शतकाच्या मध्यापासून अमेरिकेंतील कोडॅक कंपनी छायाचित्रें छापणाऱ्यांस एक नमुन्याचें कार्ड पुरवीत असे. त्यावर एका गोऱ्या स्त्रीचें चित्र असे, आणि त्या कार्डास 'शर्ली' असें नांव पडलें होतें. शर्लीचा चेहरा नीट उतरला म्हणजे यंत्र बरोबर लागलें, असें समजत. परिणाम असा झाला कीं, काळ्या माणसांचे चेहरे त्या मापानें छापले जातांना काळोखांत बुडत आणि डोळे व दांत तेवढे दिसत. कॅनडांतील अभ्यासिका लोर्ना रॉथ ह्यांनीं २००९ सालीं ह्या विषयावर सविस्तर निबंध लिहिला. त्यांतून एक विलक्षण गोष्ट पुढें आली. फिल्ममध्यें गडद तपकिरी छटांची सुधारणा झाली, ती लांकडी सामान व चॉकोलेट तयार करणाऱ्यांच्या तक्रारींमुळें! लांकडाचे प्रकार व चॉकोलेटचे प्रकार चित्रांत वेगळे ओळखूं येत नाहींत, असें त्यांचें गाऱ्हाणें होतें. माणसांच्या चेहऱ्यांस जें मिळालें नाहीं तें लांकडास मिळालें. निरनिराळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेलें नमुनाकार्ड यावयास १९९० नंतरचें दशक उजाडावें लागलें.

ह्याच्या उलट एक सुंदर गोष्ट रंगकाराच्या यंत्रांत दडलेली आहे. चित्रांतील रंग मोजण्यासाठीं 'व्हेक्टरस्कोप' नांवाची एक वर्तुळाकार आकृति असते. ठिपका कोणत्या दिशेस पडला त्यावरून रंग, आणि मध्यापासून किती दूर पडला त्यावरून त्या रंगाचा गडदपणा कळतो. त्या वर्तुळांत तांबडा व पिवळा ह्यांच्या मधून एक रेघ जाते. आफ्रिकेंतील माणूस घ्या, नॉर्वेंतील घ्या कीं कोंकणांतील घ्या, साध्या पांढऱ्या उजेडांत त्याच्या त्वचेचे ठिपके बहुधा ह्याच रेघेच्या आसपास पडतात. फरक असतो तो मुख्यतः उजेडाच्या कमीअधिकपणाचा. सर्व मानवजात एका कुळाची, हें आपण धर्मशिक्षणाच्या तासाला शिकतों. यंत्राच्या कांचेवरहि तें असें दिसतें.

सांवळा चेहरा पडद्यावर सुंदर दिसण्यास तो गोरा करण्याची गरज नाहीं, हें २०१६ सालच्या 'मूनलाइट' ह्या चित्रपटानें दाखवून दिलें. चित्रपट प्रौढांसाठीं आहे, म्हणून त्याची कथा येथें सांगत नाहीं. मायामी शहरांतील एका कृष्णवर्णी मुलाच्या आयुष्याचे त्यांत तीन भाग आहेत. दिग्दर्शक बॅरी जेंकिन्स, छायालेखक जेम्स लॅक्स्टन व रंगकार अलेक्स बिकेल ह्यांनीं पहिल्या भागास फुजी, दुसऱ्यास आग्फा व तिसऱ्यास कोडॅक फिल्मच्या धर्तीचें रंगवळण दिलें. त्वचा चमकावी, तिच्यावर प्रकाश खेळावा, परंतु तिचा गडदपणा उणा होऊं नये, अशी त्यांनीं काळजी घेतली. त्या चित्रपटास २०१७ सालीं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें ऑस्कर पारितोषिक मिळालें.

आतां एक गोष्ट सांगावयाची राहिली, ती सांगतों. चित्रीकरण करणाऱ्या गृहस्थांस मी मनांतल्या मनांत दोष देत होतों. मागाहून आठवलें कीं, काम सोंपवितांना मींच त्यांना म्हटलें होतें, "चेहरे जरा उजळ करा हो, पालक खूष होतील." त्यांनीं सांगितल्याप्रमाणें केलें. शर्लीचें कार्ड माझ्याच खिशांत होतें.

मीं त्यांच्याकडून मूळ चित्रण मागून आणलें. हें मिळालें म्हणूनच पुढचें घडूं शकलें. कारण तयार प्रतींत जो तपशील पांढऱ्यांत बुडून गेला तो कोणत्याहि गोळ्यानें परत येत नाहीं. विद्यार्थ्यांनीं मूळ चित्रण कधींहि पुसूं नये, तें ह्यासाठीं. नंतर त्या मुलीस व तिच्या आईस शाळेंतील संगणकापुढें बसविलें. प्रथम मागच्या पांढऱ्या पडद्यावर पांढरा रंग लावून घेतला, मग उजेड खालीं आणला, आणि त्वचेचे ठिपके त्या रेघेजवळ आणले. सावली आपल्या जागीं गेली आणि गालावरची चमक आपल्या जागीं आली. मुलगी खुर्चींत पुढें सरकून बसली. आई बराच वेळ पाहत राहिली व म्हणाली, "अगोबाई, ही तर हुबेहूब माझ्या आईसारखी दिसते."

यंदाचें संमेलन नववीचे विद्यार्थी स्वतःच चित्रित करणार आहेत. त्यांना माझें एवढेंच सांगणें आहे कीं, गोळ्यास हात लावण्यापूर्वीं समोरच्या माणसाकडे एकदां नीट पाहावें. गोळे फिरविण्याचें काम ती मुलगी करणार आहे.